सिंहाची दुसरी गोष्ट

मी एक पितळी सिंह बोलतोय. गर्जनेची अपेक्षा ठेवू नका. तुमच्या तळहातावर मावेन एवढाच मी आहे. एक पंजा ढालीवर, ढालीवर लिलीचं फूल. जन्म इटलीतला, फ्लॉरेन्सजवळच्या कारखान्यातला. नोकरी सिंगापूरची: मरीन परेडमधल्या एका कॅफेच्या कॉफी मशीनवर, दोन स्क्रूंनी आवळलेली.

अवनी फ्लॉरेन्सला कलेचा इतिहास शिकून सिंगापूरला परत आली, तेव्हा तिनं माझ्याबद्दल काय काय ठरवून ठेवलं होतं! या शहराच्या नावातच सिंह आहे. इथले लोक मला पाहून थबकतील, विचारतील, हा कुठला, ढालीवर फूल का? मग ती सांगेल. तिच्या काकांचा, चारुदत्तांचा, हा कॅफे. तिथे काम धरलं तेही याच हौसेनं. प्रत्यक्षात लोक कपातल्या फेसाचे फोटो काढत. माझ्याकडे कुणी पाहिलंच तर ते केस नीट आहेत का बघायला. पितळ चकचकीत होतं ना.

मशीन बनवणाऱ्या कंपनीचा मी नंतर, आधी एका शहराचा. फ्लॉरेन्सच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी सिंह हे आपल्या स्वातंत्र्याचं चिन्ह मानलं. राजवाड्यामागे खरे सिंह पाळले. चौकात दगडी सिंह बसवला, सणासुदीला त्याच्या डोक्यावर मुकुट चढवला.

त्या सिंहांच्या दोन गोष्टी तिथे सांगतात. पहिली अशी की, लढाईत हरलेल्या शत्रूच्या कैद्यांना चौकात आणून दगडी सिंहाचं बूड चुंबायला लावलं. दुसरी अशी की, एकदा एक सिंह पिंजऱ्यातून सुटला आणि रस्त्यात त्यानं एका पोराला पंजात धरलं. पोराची आई ओरडत थेट त्याच्या अंगावर धावून गेली. सिंहानं पोराला सोडून दिलं. साधा ओरखडाही नाही.

अवनीला दोन्ही ठाऊक होत्या. कॅफे उघडला त्या दिवशी काका पाहुण्यांसमोर म्हणाले, “अवनी, या सिंहाचं काहीतरी सांग की. मजेशीर सांग हं, लेक्चर नको.”

तिनं पहिली सांगितली. लोक खो खो हसले. तिलाही बरं वाटलं. निदान कुणी ऐकलं तरी!

काकांना गोष्ट भलतीच आवडली. तीस वर्षं बँकेत माणसं हाताळलेला माणूस तो. आठवडाभरात नियम झाला: ज्याच्याकडून ऑर्डर चुकेल त्यानं सर्वांसमोर माझ्यावर ओठ टेकवायचे. “टीम स्पिरिट!” काका टाळ्या वाजवत म्हणायचे. गिऱ्हाइकंही शिकली. “किस द लायन, लाह!” असा इथल्या बोलीत ओरडा व्हायचा, मोबाइल वर व्हायचे. मशीन तापलं की मीही तापतो. ओठांना चटका बसायचा, मग हशा आणखी मोठा. सुरुवातीला अवनीही हसली. पुढे ती त्या वेळी कप पुसायला लागायची. मला सगळं दिसतं. माझं तोंड गिऱ्हाइकांकडे असलं तरी पितळात आजूबाजूचंही सगळं उमटतं.

मशीन चालवायचे निशिकांत. वय पंचेचाळीस, पुण्यातल्या हॉटेलांत वीस वर्षं काढलेली. सिंगापुरात राहून काम करायचा पास याच नोकरीवर मिळालेला. नोकरी गेली की पास रद्द, पास रद्द की परतीचं विमान. म्हणून ते फारसे चुकायचेच नाहीत. रोज कॅफे बंद करताना ओल्या फडक्यानं मला पुसायचे, आयाळीतली कॉफीची भुकटी दातकोरणीनं काढायचे. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता.

२०१७ सालची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांची बायको सुचित्रा पहिल्यांदाच कॅफेत आली. पंधरवड्यासाठी सिंगापूर पाहायला आली होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत निघायची होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी पदर सावरून बसली आणि नवऱ्याचं काम बघत राहिली. निशिकांत सारखे तिकडे पाहत होते. त्या पाहण्यात सोया दुधाच्या कॉफीत साधं दूध पडलं.

“लायन! लायन!” काका ओरडले.

“साहेब,” निशिकांत हळूच म्हणाले, “आज नको. मिसेस आल्यात.”

“अरे, मग त्यांनाही मजा येईल! चला, चला.”

निशिकांतांनी अवनीकडे पाहिलं. ती कप पुसत होती.

ते मशीनला वळसा घालून माझ्यासमोर आले, वाकले. डोळे मिटले. ओठ माझ्यावर टेकले. हशा झाला, पण नेहमीसारखा लगेच ओसरला नाही, उलट वाढला. कोपऱ्यात सुचित्रा चपला काढून, हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तिला दिसली होती ती नवऱ्याची पाठ आणि वाकलेली मान. एकानं मोबाइल तिच्याकडे वळवला.

ती पुढे आली. “देवीचा सिंह आहे ना हो? रोज करता?”

निशिकांतांनी ओठांवरून हात फिरवला. “हो. रोज.”

“बरं केलंत. परमुलखात सुद्धा विसरला नाहीत.”

अवनीच्या हातातला कप खाली ठेवताना वाजला.

सुचित्रा गेल्यावर अवनीनं निशिकांतांना मशीनपाशीच गाठलं. “दादा, मी काकांशी बोलते. आत्ताच. हे अमानुष आहे.”

“नका बोलू, ताई.”

“का पण?”

“तुम्ही बोलाल आणि घरी जाल. मला उद्या इथंच उभं राहायचंय. माझ्यासाठी बोललात म्हणजे मीच तक्रार केली असं होतं.” त्यांनी फडकं पिळलं. “आणि हिला काही सांगू नका. तिच्या डोळ्यांत मी पूजा केलीय. तेवढं राहू द्या.”

त्या दिवशी त्यांनी मला पुसलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी अवनी कॅफे उघडायच्या आधी आली. पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर होता. पहिला स्क्रू सैल करते तोच दारावर टकटक झाली. सुचित्रा उभी होती, हातात लिटल इंडियातून आणलेला झेंडूचा हार आणि हळदकुंकवाची डबी. “विमान संध्याकाळी आहे. म्हटलं, दसरा आहे, यांच्या मशीनची पूजा करून जावं. चालेल ना गं?”

अवनी सत्यासाठी भांडणारी मुलगी. इतिहासात खोटं चालत नाही, असं ती नेहमी म्हणायची. तिनं स्क्रूड्रायव्हर ॲप्रनच्या खिशात टाकला. “चालेल, वहिनी.”

सुचित्रानं मला कुंकू लावलं. बोट गार होतं, मशीन अजून तापलं नव्हतं. तिनं डोकं टेकवलं, नवऱ्याच्या नोकरीसाठी काहीतरी पुटपुटली आणि गेली. एवढ्या वर्षांत माझ्यापुढे आपण होऊन वाकलेली ती एकटीच.

मग अवनीनं दुसरा स्क्रूही काढला.

लोकहो, आता मी बुकित बातोकला अवनीच्या फ्लॅटमध्ये टेबलाच्या खणात असतो. आयाळीत कुंकू अजून आहे. माझी एवढीच विनंती: माझी गोष्ट सांगाल तेव्हा कुणाला हसवण्यासाठी सांगू नका. सांगायचीच असेल तर त्या आईची सांगा.

दसऱ्याच्या त्या सकाळी काका आले तेव्हा निशिकांत दारातच थबकले होते, चेहरा उतरलेला. काकांनी मशीनवरची दोन भोकं पाहिली आणि मग निशिकांतांकडे पाहिलं.

अवनी मध्ये येऊन उभी राहिली. मी तिच्या मुठीत होतो.

“त्यांच्याकडे बघू नका, काका. मी काढला. ती गोष्ट मीच आणली होती, मीच परत नेतेय. आजपासून इथं कुणाचंही काही चुकलं की त्या माणसाच्या आधी मी पुढे येणार.”

“आणि मी तुलाच घरी पाठवलं तर?”

“तर उद्या सकाळी गिऱ्हाईक म्हणून येईन. मी इथली नागरिक आहे, काका. तुम्हाला रद्द करता येईल असा पासच माझ्याकडे नाही.”