राखलेली झोप

"अहो, ब्रेक सोडा. खाट आहे ही."

बायकोने ओठांतल्या ओठांत म्हटले आणि त्याच्या उजव्या पायावर हात ठेवला. पाय खाटेच्या पायथ्याला ताठ रुतलेला होता. टाचेला लाकूड लागू नये म्हणून तिने तिथे एक जुनी उशी सुतळीने बांधून टाकली होती. झोपेत तो ब्रेक मारतो हे तिला लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळले होते. तेव्हा ती घाबरली होती. आता ती नुसता हात ठेवायची आणि गाडी थांबायची.

त्याने डोळे उघडले. खिडकीवर ट्रकची जुनी ताडपत्री ठोकलेली होती. तिच्या एका भोकातून उन्हाचा ठिपका आत येऊन भिंतीवर बसला होता, एखादा पाहुणा संकोचून बसावा तसा.

"लागली का झोप?"

"डोळे मिटले होते, एवढंच."

"मग पडा अजून. दुपार आहे."

"नको गं. पडून पडून अंग आंबलं." तो उठून बसला, पुन्हा आडवा झाला, कूस बदलली, पुन्हा बसला. "आज सांगायचंय त्या गिरणीवाल्यांना. संध्याकाळच्या आत."

"माहितेय."

"तू काय म्हणतेस?"

"मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "उद्या तिथल्या मुकादमाशी वाजलं की म्हणाल, तुझ्यापायी मोठी गाडी सुटली. गाडी तुमची, झोप तुमची. तुम्हीच काय ते ठरवा."

ती हे सगळे कुजबुजत बोलत होती. तो टक्क जागा होता, तरीही कुजबुजत. त्या घरात दिवसा कुणी मोठ्याने बोलत नसे. बादलीत पाणी वाजू नये म्हणून नळाला फडके बांधलेले होते, पाणी त्या फडक्याच्या अंगाने निथळत खाली उतरे. खुर्चीच्या पायांना जुने मोजे चढवले होते. दारावरच्या घंटीच्या जिभेला तिने चिंधी गुंडाळली होती, त्यामुळे आलेला माणूस घंटी हलवून दमे आणि शेवटी हळूच कडीला हात लावी. लेक घरात अशी वावरे की ती कधी आली नि कधी गेली ते भिंतींनाही कळू नये. तिला सगळे मनी म्हणत. मनी हे नाव लाडाचे आहे, पोर मांडीत येऊन गुरगुटते म्हणून पडले असेल, असे त्याला वाटत आले होते. मांडीत ती बसायची ती तिन्हीसांजेला, तो कामाला निघायच्या आधी, चहा निवेपर्यंत.

त्याचे काम रात्रीचे. अंधार पडला की माल भरलेला लांबलचक ट्रक घेऊन निघायचे, मध्यरात्री अर्ध्या वाटेवरच्या पंपावर थांबायचे. समोरून दुसऱ्या शहरातून तात्या यायचा. तिथे दोघांनी गाड्या बदलायच्या, त्याची याने घ्यायची, याची त्याने, आणि जो तो आपापल्या गावी परत. लांबूनच तात्या दिवे तीनदा मिचकावी, हाही मिचकावी. एक कप चहा, दोन शिव्या, चार विनोद, की निघाले. इतकी वर्षे झाली, दोघांनी एकमेकांना उन्हात कधी पाहिले नव्हते.

आणि ते काम त्याला आवडत नव्हते असे नाही. रस्ता रात्री आपला असतो. गावे निजलेली असतात. गावातून जाताना तो हॉर्नला हात लावत नसे. वळण आले की दिव्यांनी विचारी, समोरचा दिव्यांनी उत्तर देई. निजलेल्या माणसाला उठवणे हे त्याच्या लेखी पापच. आता तर त्याचा अंगठा हॉर्नची जागाही विसरला होता.

पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली होती. टोलनाका त्याला आठवत होता. तिथल्या माणसाची जांभई आठवत होती. त्यानंतर आठवत होता तो थेट पंप, आणि समोर मिचकावणारे तात्याचे दिवे. मधली चढण, मधला पूल, दोन्ही बाजूंची गावे यांतले काहीच आठवत नव्हते. गाडी तर नीट आली होती, कुठे ओरखडाही नव्हता. मग ती आणली कुणी? त्याने हे बायकोला सांगितले नव्हते. पण त्या सकाळी घरी आल्यावर तो निजलेल्या मनीच्या उशाशी बराच वेळ उभा राहिला होता, आणि बायकोने ते पाहिले होते. दोन दिवसांनी कोपऱ्यावरचा वाणी आपणहून म्हणाला, "आमच्याकडे पिठाची गाडी येते ना, गिरणीची, तिला ड्रायव्हर हवाय. दिवसाचं काम. उजाडता जायचं, मावळता घरी." वाण्याच्या कानात हे कुणी घातले, ते त्याने विचारले नाही.

उशाशी ठेवलेला फोन थरथरला. आवाज त्याचाही बंदच असे. तात्या होता.

"काय रे लेका, पिठात पडतोयस म्हणे?"

"अजून ठरलं नाही, तात्या."

"ठरव, ठरव. दिवसा गाडी चालवायची म्हणजे मेंढरं वळायची. मध्ये रिक्षा, मध्ये सायकली, मध्ये कुणाची सासू." तात्या हसला. "पण जायचं तर जा बाबा. माझं काय, म्हातारं खोड. तू गेलास की मी नव्या पोराला दिवे मिचकावीन."

"भेटत जाऊ की."

"कुठं भेटणार? दिवसा समोर उभा राहिलास तरी ओळखणार नाही मी तुला," तात्या म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

तो उठलाच. तोंडावर पाणी मारले, शर्ट चढवला. मुकादमाने आज दुपारी एक फेरी मारून दाखवा म्हटले होते. बायको भिंतीला टेकून काहीतरी शिवत होती आणि शिवता शिवता गुणगुणत होती. गाणे कसले, नुसता श्वास हलत होता. ओठांकडे पाहिले तरच शब्द कळत:

उन्हा रे, दारातून हळू पाऊल टाकीत जा
रातीचा जागलेला, त्याची झोप राखीत जा

"हे कुठलं गाणं?"

ती दचकली. "तुमचं नाही. उन्हाला सांगतेय." मग हसून म्हणाली, "घेतलीत दिवसाची गाडी, तर दुपारभर भांडी आपटीन मी. मनसोक्त. वाण्यापर्यंत ऐकू जाईल."

"आपट की."

"येईल का आता आपटायला, कोण जाणे," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

गिरणीची गाडी त्याच्या ट्रकपुढे खेळणेच होती. पांढऱ्या धुळीने माखलेली, आत पोती रचलेली. मुकादम शेजारी बसला, भला जाडा माणूस, भुवयांवरही पीठ. गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली आणि त्याच्या डोळ्यांवर सगळे एकदम येऊन आदळले. रात्री रस्त्यावर दोनच गोष्टी असतात, दिवा आणि अंधार. इथे रंग होते, पाट्या होत्या, छत्र्या होत्या, कडेवरची पोरे होती, आणि प्रत्येकाला आत्ताच रस्ता ओलांडायचा होता.

पहिल्या वळणावर त्याने सवयीने दिवे मिचकावले. समोरचा रिक्षावाला सरळ अंगावर आला. त्याने करकचून ब्रेक मारला. मागे पोती हलली.

"अहो, दिव्यांनी काय विचारताय त्याला?" मुकादम ओरडला. "भर दुपार आहे! हॉर्न मारा!"

"हो."

दुसऱ्या वळणावर पुन्हा दिवे. एका हातगाडीवाल्याने आकाशाकडे बघितले, मग गाडीकडे, मग कपाळाला हात लावला.

"तुम्हाला हॉर्नची लाज वाटते काय?" मुकादमाने विचारले. "गाडी लोण्यासारखी चालवता, पण मुक्यासारखी. बोला की लोकांशी!"

"सवय नाही," तो म्हणाला. "गावं निजलेली असतात."

"आता जागी आहेत ना? सगळी जागी आहेत. बघा तरी!"

त्याचे कान तापले. इतकी वर्षे स्टिअरिंग धरून काल शिकल्यासारखे झाले होते. मनात आले, फेरी संपली की नाही म्हणून सांगावे. रात्री आपल्या ट्रकवर चढावे, तात्याचे दिवे बघावेत. मग तो आठवेनासा झालेला रस्ता आठवला, आणि हात स्टिअरिंगवर उगाच घट्ट झाले. असे करता करता दुकाने होत गेली, पोती उतरत गेली, आणि शेवटी वाण्याचे दुकान राहिले, त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी.

त्याने गाडी गल्लीच्या कडेला उभी केली. इंजिन अजून चालूच होते. आपली गल्ली या वेळी अशी दिसते होय, असे तो पाहत होता. त्याच्या खिडकीवरची ताडपत्री बाहेरून केवढी काळी दिसत होती, हसऱ्या तोंडातल्या पडलेल्या दाताच्या जागेसारखी.

तेवढ्यात शाळा सुटून मनी आली.

पोरींच्या घोळक्यात ती मोठ्याने हसत येत होती. तिचे हसणे एवढे मोठे आहे हे त्याला माहीत नव्हते. गल्लीच्या तोंडाशी, नेमकी गाडीच्या पुढ्यात, ती थांबली. मैत्रिणी पुढच्या रस्त्याने गेल्या. तिने हसणे पुसून टाकावे तसे तोंडावरून हात फिरवला. मग खाली बसली, बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, बूट छातीशी धरले आणि तापलेल्या रस्त्यावर अनवाणी पाऊल टाकले. एका घराच्या सावलीतून दुसऱ्या घराच्या सावलीत ती उडी मारू लागली. उडी चटक्याची होती, पण पडताना पायाचा आवाज होत नव्हता. मांजरीच्या पावलाचा होत नाही तसा.

तिला हाक मारायचे त्याच्या मनात होते. पण गाडीच्या काचा बंद होत्या. दुपारभर न सापडलेला हॉर्न अंगठ्याला आपोआप सापडला. त्याने दाबला.

"वा!" मुकादम म्हणाला. "फुटलं एकदाचं तोंड!"

मनी जागच्या जागी उडाली. गर्रकन वळली. काचेवर ऊन आपटत होते, त्या झगझगाटात तिला आतले काहीच दिसले नसणार. ती पाय पोळत असतानाही तरातरा परत आली, बूट एका हातात घेऊन दुसऱ्या हाताचे बोट ओठांवर ठेवले आणि डोळे वटारून, पण कुजबुजतच म्हणाली:

"शूऽऽ! हॉर्न नका ना वाजवू, काका! बाबा झोपलेत आमचे!"

काच बंद असूनही त्याला शब्द न् शब्द कळला. त्या घरात ओठ वाचता सगळ्यांनाच येत होते.

त्याने अंगठा उचलला. मग किल्ली फिरवून इंजिनही बंद केले. तिने मान हलवली, शहाण्या माणसाने ऐकले म्हणून समाधान पावावे तशी, आणि पुन्हा सावली सावलीने निघाली.

"कोण हो ही फौजदारीण?" मुकादमाने हसत विचारले. त्याची नजर मनीच्या पाठीवरच होती, तेव्हा मुकादमाने विषय बदलला. "मग? काय ठरलं तुमचं?"

"उद्या येतो. उजाडता."

"आँ? मोठ्यानं बोला की!"

"येतो म्हटलं," तो तितक्याच हळू म्हणाला.

मनी दाराशी पोचली. चिंधी बांधलेल्या घंटीला तिने हात लावला नाही. कडी बोटाने उचलून धरली, दार अंगाने ढकलले आणि धुळीने पांढरे झालेले दोन तळवे आत गेले. दार मिटले. पापणी मिटावी तेवढाही आवाज झाला नाही.

तो गाडीतून उतरला. क्षणभर त्यालाही वाटले की त्या ताडपत्रीमागे खाटेवर आपण खरेच निजलेलो आहोत. त्याने गाडीचे दार आपटले नाही. दोन्ही तळहात टेकवून ते हळूहळू, पुरते बसेपर्यंत दाबत राहिला.