प्लास्टिकमधला कागद

शिक्का प्लास्टिकवरून घसरला आणि निळी शाई कारकूनबाईंच्या बोटाला लागली. त्यांनी बोट टेबलाच्या कडेला पुसलं, कागद उजेडात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे काय करून ठेवलंत?"

लॅमिनेशन करून ठेवलं होतं. ठमीच्या जन्मदात्रीचं संमतीपत्र, मूळ प्रत. बाळ दत्तक द्यायला आपली हरकत नाही, अशा चार ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या, खाली सही. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर न्यायालयाचा शिक्का पडल्याशिवाय आमचा अर्ज दाखल होणार नव्हता. आणि ठमीला आमच्याकडे ठेवायची परवानगी शुक्रवारी संपत होती. आज बुधवार. तोवर अर्ज दाखल झाला नाही, तर तिला दत्तक देणाऱ्या संस्थेत परत नेऊन सोडायचं, नवी परवानगी येईपर्यंत. तिथली माणसं वाईट नव्हती. पण नऊ महिन्यांपूर्वी ती आमच्याकडे आली, तेव्हा दाराची कडी वाजली तरी टेबलाखाली जाऊन बसायची. आत्ता कुठे ते थांबलं होतं.

वकील केला नव्हता. एकाकडे गेलो होतो, तर तो ठमीला 'सदर अपत्य' म्हणाला आणि फाइल बघायला मागितली तेव्हा, तुम्ही कशाला डोकं शिणवता, म्हणाला. मग डोकं शिणवायचंच ठरवलं. प्रतिज्ञापत्रं, दाखले, घराच्या पाहणीचा अहवाल, प्रत्येकाच्या तीन तीन प्रती. नणंदबाई म्हणायच्या, तुमच्याकडे यायचं तर फाइली उचलून बसायला जागा करावी लागते. त्यात ठमी कागद खाते. खरोखर खाते. आमच्या लग्नाच्या दाखल्याचा कोपरा तिने खाल्ला आणि नवा मिळायला दीड महिना गेला. म्हणून हा एक कागद मी प्लास्टिकमध्ये घालून आणला. बाकीचे पुन्हा काढता आले असते.

"लोक कागद हरवतात," कारकूनबाई म्हणाल्या, "तुम्ही कोंडून घातलात." पण कात्री त्यांनीच दिली. कड सुटली तर निघेल, म्हणाल्या.

बाहेर बाकावर नवरा ठमीला मांडीवर घेऊन बसला होता. ती बिस्किटाचा भुगा त्याच्या शर्टाला लावत होती. मी कड कापली आणि प्लास्टिक हळूहळू ओढलं. त्याबरोबर कागदाचा पापुद्राही सुटून आला. अजून बोटभर ओढलं असतं तर सहीचं शेवटचं वळण गेलं असतं. माझा हात थांबला.

"ओढ," नवरा म्हणाला. "मागची बाजू मोकळी झाली की झालं. सही गेली तर गेली, झेरॉक्स आहे. पोर तर राहील."

"मोठेपणी तिला लागेल हा. तिच्या आईचं अक्षर आहे."

तो ठमीच्या हनुवटीवरचा भुगा झटकत बसला. मला वाटलं, हा रागावला असता तर बरं झालं असतं.

मी परत आत गेले आणि पत्र आहे तसंच चालवून घ्या, अशी न्यायाधीशबाईंना लिहून विनंती करता येईल का, विचारलं. करता येईल, पण त्या नाही म्हणाल्या तर शुक्रवार गेलाच समजा, असं उत्तर मिळालं. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहिलं. चांगली वाक्यं सुचेनात. मुलगी कागद खाते, हे अक्षर पुन्हा मिळणार नाही, मला भीती वाटली, चूक माझी आहे. एवढंच लिहिलं आणि सही केली.

चार वाजता आत बोलावलं. न्यायाधीशबाईंनी माझा अर्ज वाचला, मग प्लास्टिकमधलं पत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"वकिलांनी सांगितलं नाही?"

"वकील नाहीत."

"ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या आणि अर्जावर दोन ओळी लिहिल्या.

त्यानंतर कारकूनबाईंनी ड्रॉवरमधून दाभण काढलं. प्लास्टिकच्या कडेला तीन भोकं पाडली, मागे एक कोरा कागद जोडून जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवला, गाठ मारली आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवला. अर्जाला क्रमांक पडला. सुनावणी तीन आठवड्यांनी. निकाल लागेपर्यंत मुलगी आमच्याकडेच.

मी पत्रासाठी हात पुढे केला. त्यांनी ते फाइलमध्ये ठेवून फीत बांधली.

"हे आता इथेच राहणार, ताई. मूळ प्रत आहे."

नऊ महिन्यांत मी प्रत्येक नियम वाचला होता. हा कसा सुटला कोण जाणे.

"तिला बघायचं असेल तर?"

"अठरा पूर्ण झाली की तिने स्वतः अर्ज करायचा. मग दाखवतात." त्यांनी फाइलवर हात फिरवला. "तोवर टिकेल. आमच्याकडे उंदीर आहेत, पण प्लास्टिक आहे ना."

मी तिच्यासाठी प्रमाणित नकलेचं विचारलं. त्याचा अर्ज वेगळा, खिडकी तीन, उद्या अकरानंतर.

बाहेर ठमी नवऱ्याच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती. मी 'झालं' अशी मान हलवली, तेव्हा त्याने डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडलेच नाहीत. मग आम्ही जिना उतरायला लागलो. उतरता उतरता मी त्याला खिडकी तीनचं सांगितलं. माझ्या खांद्यावरची फाइलींची पिशवी सकाळइतकीच जड होती.

"उद्या आम्हीही येऊ?" त्याने विचारलं.

"नको. अर्ज भरायचाय. तिला घरीच ठेव."