पुढच्या पानावर उमटलेलं

मागच्या आठवड्यात आभाला दोन रात्री झोप लागली नाही. महेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने विचारलं, तर म्हणाली, "त्या सिरीयलचं काही ठरत नाहीये रे." खरं कारण वेगळं होतं. ते तिने वहीत लिहिलं आणि लगेच माझ्याकडून पुसून घेतलं, म्हणून मला ठाऊक आहे. मी खोडरबर आहे. माणसं काय लिहितात ते सगळ्यांनाच दिसतं. लिहून काय मागे घेतात, ते मला विचारा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते माझ्या कागदी सदऱ्यावर छापलं होतं. तो सदरा ओवीने पहिल्याच दिवशी फाडला, त्यामुळे गाव सांगता येत नाही. मेन रोडवरच्या एका दुकानात, काचेच्या बरणीत, बरीच भावंडं दाटीवाटीने बसलो होतो. "हा वासाचा आहे," म्हणत ओवीने मला उचललं. ओवी आभाची मुलगी, आठ वर्षांची, तिसरीतली. माझा वास आठवडाभरात उडाला. मग तिने माझा एक कोपरा चावून पाहिला, पोटात पेन्सिलीचं टोक खुपसलं आणि मला कंपासपेटीत टाकून विसरून गेली. तक्रार नाही. लहान मुलांचं प्रेम असंच असतं, दात लावून केलेलं.

तिथून मला आभाने उचललं. पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या सोसायटीत एक पद्धत आहे. मुलांना नवी मालिका दाखवायची, तर आधी एका आईने तिचे पहिले तीन भाग बघायचे आणि ग्रुपवर निकाल द्यायचा. दाखवा, नको, किंवा सोबत बसून दाखवा. मग शनिवारी संध्याकाळी क्लबहाऊसच्या मोठ्या टीव्हीसमोर सगळी पोरं चटया टाकून हजर. या वेळी पाळी आभाची होती आणि मालिका होती 'तारागस्त'.

अंतराळात गस्त घालणाऱ्या यानांची ही गोष्ट पंचवीस वर्षं चालू आहे. एक मालिका संपली की तिच्यातूनच दुसरी फुटते, ही पाचवी. पहिली बघत आभा सटाण्याला लहानाची मोठी झाली. म्हणून तिने हौसेने पाळी घेतली आणि चक्क एक दिवसाची रजा टाकली. रजेचं कारण मात्र ऑफिसात 'घरगुती' असं कळवलं.

तसं निकाल देणं हे तिचं रोजचं काम. अंबडला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती नमुने तपासते. पास, नापास, सही, पुढचा नमुना. पण घरचा प्रश्न आला की तिचा हात अडखळतो. मत फोनवर लिहायची तर तिला भीतीच वाटते. एकदा ग्रुपवर काहीतरी पाठवून तिने पुसलं होतं, तर सतरा जणींनी विचारलं, काय पुसलंस गं? तेव्हापासून आधी वही, पेन्सिल आणि मी.

पहिल्या भागाबद्दल तिने लिहिलं, "निम्मा वेळ जुनी ओळख करून देण्यात गेलाय. नवख्याला कळत नाही, जुन्याला कंटाळा येतो." हे तिने पुसलं नाही. दुसऱ्या भागातल्या शत्रूला चेहरा नाही, तो समोरच्याच्याच आवाजात बोलतो, त्यापुढे तिने लिहिलं, "कल्पना छान. मला भीती वाटली, मुलांना वाटणार नाही." तिसरा भाग तिने दोनदा पाहिला. त्यात स्थानकावर मागे राहिलेली मुलं मोठ्यांविना कारभार चालवतात आणि कोण कधी झोपायचं यावरून भांडतात. तिथे ती मोठ्याने हसली आणि मग कोणी ऐकलं का म्हणून रिकाम्या घरात इकडेतिकडे बघितलं.

अडलं ते पहिल्याच भागातल्या एका प्रसंगापाशी. यानाची इंजिनिअर तीन वर्षांच्या मोहिमेवर निघते, तेही मुलगी झोपलेली असताना, तिला न सांगता. सगळं यान तिच्या धैर्याचं कौतुक करतं.

आभाने लिहिलं, "मोठा दोष. आई असं करत नाही." आणि मला हातात घेतलं. मग लिहिलं, "आई असं करू शकते." पुन्हा मी. नंतर बराच वेळ पेन्सिल नुसती टेकवून बसली आणि लिहिलं, "बंगळुरूचं ओवीला कधी सांगू? निघायच्या आदल्या दिवशी?"

हे पुसताना तिने मला इतकं घासलं की कागद फाटायचाच बाकी राहिला.

कंपनी तिला नवं यंत्र शिकायला तीन महिने बंगळुरूला पाठवत होती. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. महेश म्हणाला होता, "जा की, मी आहे ना." ओवीला काहीच माहीत नव्हतं.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरची साक्षी आली. "निकाल लाव बाई. माझा गौरांग सकाळपासून स्टुलावर चढून यान उडवतोय. तीन भागांना तीन दिवस? औषधंही अशीच तपासतेस का? मग आम्ही तुमच्या गोळ्या निर्धास्त घेतो."

"अगं, त्यात ती आई पोरीला न सांगता जाते."

"मग? आपण बाथरूमला गेलो तरी आपली पोरं दाराशी उभी असतात. त्यांना वाटेल, सुटलो."

आभा हसली, पण मला मुठीत घट्ट धरून.

साक्षीला सोडायला ती जिन्यापर्यंत गेली आणि आतून सगळं ऐकत बसलेल्या ओवीने निकाल काय लागला ते बघायला वही उघडली. पानावर माझी करामत, सगळं धूसर. मला जरा अभिमानच वाटला. पण आभा काळजीत असली की दाबून लिहिते, हे मी विसरलो होतो. शाळेत कागदाखाली झाडाचं पान ठेवून त्याच्या शिरा उमटवायला शिकवलेलं ओवीला आठवलं. तिने वहीचं पुढचं कोरं पान घेतलं आणि त्यावर पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली. काळ्यात पांढरी अक्षरं वर आली. मी पुसलेलं एकेक वाक्य. पुढच्या पानापर्यंत माझा हात पोचतच नाही.

आभा आत आली. "आई," ओवी म्हणाली, "बंगळुरूचं काय सांगायचंय?"

आभाने आधी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच फितूर. मग ओवीशेजारी फरशीवर बसली आणि सगळं सांगितलं. तीन महिने. नवं यंत्र. बाबा इथेच. "मला जावंसं वाटतंय गं. आणि तुला कसं सांगावं ते कळत नव्हतं."

"त्या मालिकेतली आई परत येते का?"

"तीनच भाग पाहिलेत मी. अजून तरी आलेली नाही."

ती येते असं सांगितलं असतं तर सोपं झालं असतं. आभाने ते सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी ग्रुपवर निकाल गेला, "सोबत बसून दाखवा. पहिल्या भागानंतर टीव्ही थांबवा आणि मुलं काय विचारतात ते ऐका." सोमवारी कंपनीला होकारही गेला. दोन्ही वेळा माझी गरज पडली नाही.

आता मी हरभऱ्याएवढा उरलोय, बोटात धरताही येत नाही. कधीतरी केरात जाईन. जाण्याआधी एवढंच मागतो, की पुन्हा पुन्हा खोडणाऱ्या माणसाला लगेच हसू नका. ते पान त्याला मनापासून नीट लिहायचं असतं. आणि मुलांपासून काही लपवायला आमच्यावर भिस्त ठेवू नका.

त्या शुक्रवारी ओवी बराच वेळ ते काळं केलेलं पान बोटाने पुसत बसली होती. मग आभाकडे न बघताच म्हणाली,

"मग चौथा भाग आधी मी बघीन. तू तिकडे एकटी असशील ना, तुला भीती वाटली तर?"