सव्वाअकराची गाडी

हँडब्रेक ओढून त्याने मागे वळून पाहिलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं,

"दीपगृह! पंचेचाळीस मिनिटं. बरोबर सव्वाअकराला गाडी सुटेल. कोणासाठीही थांबणार नाही!"

मागच्या सीटवर प्रवासी दोनच होते. सात वर्षांची चिमी आणि चार वर्षांचा गोट्या. गोट्याने घाबरून एका हाताने बूट शोधायला सुरुवात केली. शेजारी बसलेल्या बायकोने कपाळावर हात मारला.

"अहो, बस नाहीये ही. माझ्या भावाची गाडी आहे. आणि एवढीशी गाडी तुम्ही बसच्या जागेत उभी केलीत!"

खरंच की. लांबलचक पांढऱ्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात मेव्हण्याची गाडी केविलवाणी दिसत होती. अकरा वर्षं तो पर्यटकांची बस याच चौकोनात लावत आला होता. ओशाळून त्याने गाडी दुसरीकडे नेली, खाली उतरला आणि फडकं काढून काच पुसायला लागला. प्रवासी उतरले की काच पुसायची, सामानावर नजर ठेवायची, वेळ झाली की हॉर्न द्यायचा. "अजून पाच मिनिटं हो, ड्रायव्हरसाहेब!" असं टेकडीवरून कोणी ओरडलं, तर आणखी एक हॉर्न. त्याच्या बसला कधी उशीर झाला नव्हता.

चिमीने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"चला ना बाबा. तुम्हीच दाखवायचं. इकडून नदीचं पाणी, तिकडून समुद्राचं. आणि मधे पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ."

या रेघेबद्दल त्याने चिमीला जेवताना इतक्यांदा सांगितलं होतं की ती रेघ कागदावर काढून दाखवायची. आणि तो स्वतः दीपगृहावर एकदाही चढला नव्हता. धापा टाकत उतरणारे प्रवासी जे बोलायचे ते तो ऐकायचा आणि घरी तिखटमीठ लावून सांगायचा. सुरुवातीला एकदा 'मी पाहिलं' असं तोंडून निघून गेलं, ते पुढे मागे घेता येईना. आता तर चिमीने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. बाप थापाड्या निघाला तर पोरीसमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

पायऱ्या चढताना तो मुद्दाम सगळ्यांच्या पुढे राहिला. टेकडीच्या मध्यावर वाट दुभंगली. पाटी नव्हती. तो क्षणभर थबकला आणि मग छाती काढून डावीकडे वळला.

"मला पाठ आहे हा रस्ता," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

वाट संपली ती एका अंगणात. दोरीवर बनियन वाळत होते आणि ते वाळत घालणारा दीपगृहाचा म्हातारा रखवालदार चिमटा तोंडात धरून त्यांच्याकडे बघत होता.

"हेच दीपगृह?" गोट्याने विचारलं.

रखवालदाराने चिमटा काढला आणि हसला. "अरे, ड्रायव्हरसाहेब! तुम्ही आणि वर? अकरा वर्षं वरून तुमच्या बसचा टपच बघतोय मी. किती वेळा बोलावलं, कधी आला नाहीत!"

भांडं फुटलं. बायको लगबगीने गोट्याच्या बुटाची नाडी बांधायला बसली. ती पहिल्यापासून बांधलेलीच होती. चिमीने वर मान करून त्याच्याकडे पाहिलं.

"आमच्या सहलीलापण बसवाले काका गडावर आले नव्हते," ती म्हणाली. "आम्ही सगळे खेळलो आणि ते नुसते खाली बसले होते. मला वाईट वाटलं होतं."

एवढं बोलून तिने त्याचं बोट धरलं आणि त्याला उजवीकडच्या वाटेने ओढत नेलं.

दीपगृहाच्या आतला जिना गोल गोल फिरत होता. गोट्याने पायऱ्या मोजल्या आणि प्रत्येक वेळी बारानंतर पुन्हा एकवर आला. वरचं दार उघडलं तसा वारा अंगावर आला, बायकोची ओढणी थेट गोट्याच्या तोंडावर बसली आणि दोघं खिदळत सुटली.

तो कठड्याला धरून उभा होता. खाली नदी होती, तांबूस. पुढे समुद्र होता, निळा. मधे रेघ होती, पण सरळ नव्हती. ती हलत होती, वळत होती, एकीकडे पुसली जाऊन दुसरीकडे उमटत होती. इतक्या लोकांनी सांगितलं, पण हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"चिमे, ती हलतेय," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं गं."

"दिसतेय मला," चिमी म्हणाली.

मग चौघांनी मिळून रेघ कुठे कुठे जाते ते पाहिलं. गोट्याला तिच्यात साप दिसला, बायकोला शिवणीचा सुटलेला धागा. बऱ्याच वेळाने चिमीने त्याचं मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि थेट त्याच्याच आवाजात ओरडली,

"सव्वाअकरा! चला, गाडी सुटेल! कोणासाठीही थांबणार नाही!"

बायको आणि गोट्या जिन्यापाशी गेले. चिमीने दारात उभं राहून डोकी मोजली. आई, गोट्या, मी. एक कमी.

तो कठड्यापासून हलला नव्हता.

"अजून पाच मिनिटं," तो म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून चपापला.

चिमीने विचार केला. मग ती परत आली, त्याच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं आणि आपल्या फ्रॉकच्या खिशात टाकलं.