क्वीवानला हाक

माझ्या वर्गात सात क्वीवान होते. मास्तरांनी 'क्वीवान' म्हटलं की सात माना वर व्हायच्या आणि छडी मात्र नेहमी एकाच्याच हातावर पडायची. तो माझा मावसभाऊ. का, तर पहिल्या बाकावर बसायचा आणि हाताशी सापडायचा.

अर्थ विचाराल तर क्वीवान म्हणजे सौम्य, लाघवी, जीव लावावा असा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! त्या सातांतला एकही सौम्य निघाला नाही. एकानं तर फादरचं गाढव होडीच्या निळ्या रंगानं रंगवलं होतं. पण अर्थासाठी ते नाव ठेवत होतं कोण? क्वीवान हा आमच्या बेटाचा संत. फार जुन्या काळी इथं आला, इथंच राहिला, इथंच पुरला गेला. समुद्रात होडी वादळात सापडली की त्याचा धावा करायचा, हे आमच्याकडे पोराला बोलता यायच्या आधी शिकवतात. घरात एक तरी क्वीवान असला की संताची नजर राहते म्हणायचे. बेट सोडून पलीकडे गॉलवे शहरात हे नाव सांगितलं तर लोक दोनदा विचारतात. आमच्याकडे मात्र दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी क्वीवानलाच लागायचा.

एक माझ्या पोटचाही होता. सतरा वर्षांचा. लॉबस्टरचे पिंजरे उचलायला डांबर फासलेली हलकी होडी घेऊन गेला, दुपारी वारा फिरला. होडी त्याच संध्याकाळी मिळाली. तो तिसऱ्या दिवशी.

त्या दिवसापासून मी ते नाव ओठाबाहेर काढलं नाही. संताशी बोलणंही टाकलं. ज्याच्या नावानं दुसऱ्यांची पोरं किनाऱ्याला लागतात, त्याला स्वतःच्या नावाचं पोर सांभाळता आलं नाही, मग तुझं-माझं नातं काय उरलं, असं मी त्याला त्याच्या थडग्यापाशी उभी राहून सांगितलं आणि निघून आले. माझा नवरा टॉम गेल्या वर्षापर्यंत होता. तो 'आपला मोठा' म्हणायचा. मुलगी नेसा तेव्हा नऊ वर्षांची होती. एकदा जेवताना तिच्या तोंडून ते नाव निघालं. मी माझं ताट उचलून मोरीत भिरकावलं. त्यानंतर तिनं ते कधी घेतलं नाही. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली.

यंदा ईस्टरला नेसा स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. पोटात सहा-सात महिन्यांचं पोर.

"आई, मुलगा आहे. मला दादाचं नाव ठेवायचंय."

मी बटाटे सोलत होते. मान वर केली नाही. "त्या नावाचं पोर माझ्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. बाकी तुझी मर्जी."

"बरं," ती म्हणाली. "रोनान ठेवते." आणि बाहेर गेली. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची.

आता जून उजाडला. संताच्या सणाच्या आदल्या दिवसाची सकाळ. तीनच्या बोटीनं नेसा गॉलवेला बाळंतपणासाठी जायची होती आणि कब्रस्तानात वाळू उपसायची होती.

संताचं चर्च आमच्याकडे जमिनीच्या खाली आहे. पूर्वी वरच होतं म्हणतात. वाऱ्यानं वाळू आणून आणून भोवतालचं कब्रस्तान वर चढलं आणि चर्च खड्ड्यात राहिलं. छप्पर नाही. दरवर्षी फावडी घेऊन वाळू उपसायची, नाहीतर पुढच्या पिढीला दारसुद्धा सापडणार नाही. आणि पहिलं फावडं क्वीवान नावाच्या माणसानंच मारायचं. कुठं लिहिलेलं नाही, पण माझ्या आजोबांच्या लहानपणापासून असंच चालत आलंय. मी दरवर्षी चहाची किटली आणि लोणी लावलेला ब्रेड घेऊन जाते. संतासाठी नाही, राबणाऱ्या माणसांसाठी. खाली उतरत नाही.

या वेळी जाऊन पाहते तर वीस जण फावड्यांवर रेलून उभे.

"काय रे, वाळूला नजरेनंच हलवताय का?" मी म्हटलं.

कोलमन आमच्या वाळूकामाचा मुकादम. तो म्हणाला, "बार्ब्रेताई, म्हातारा क्वीवान दवाखान्यात आहे. खुबा मोडलाय त्याचा. पहिलं फावडं मारायला कुणी नाही."

"मग दुसरा आणा."

"दुसरा नाहीच."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. तुमच्या वर्गातले आणि त्यांच्या मागचे कुणी मातीत गेले, कुणी बेट सोडून गेले. तो शहाऐंशीचा, आणि त्याच्यानंतर आता बेटावर त्या नावाचा एकही नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "गॉलवेहून भाड्यानं आणू या एखादा." दोघं-तिघं हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी जीभ आधी धावते, डोकं मागून धापा टाकत येतं. "लाज नाही वाटत हसायला?" मी म्हटलं. "काय दिवे लावलेत तुम्ही? घराघरात पोरं आहेत. कुणी नोआ, कुणी रायन. टीव्हीत बघून नावं ठेवता. आपल्या संताचं एक नाव ठेवायचं तर काय हात मोडले होते तुमचे?"

कोलमन आपल्या फावड्याची मूठ पुसत बसला. वीस माणसं आणि एकाचीही नजर माझ्या नजरेला भिडेना. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

डीलियानं माझा कोपर धरला आणि मला भिंतीकडे नेलं. डीलिया म्हणजे माझी शेजारीण, चार मुलग्यांची आई. आमची रोजची ऊठबस.

"बार्ब्रे, तुला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"माझा धाकटा कधी झाला, आठव."

"त्या वर्षीच. सप्टेंबरात."

"हो. सासऱ्यांचं नाव ठेवायचं ठरलं होतं. क्वीवान." ती थांबली. मी ताट भिरकावेन असं तिला वाटलं असणार. "पण आमची वाट तुझ्या खिडकीखालून जाते गं. पोर खेळायला गेलं की संध्याकाळी तिथूनच हाक मारायची. ते नाव मी तुझ्या खिडकीखाली कशी ओरडणार होते? म्हणून एंडा ठेवलं. सासरे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"मग कोलमनच्या बायकोनं तसंच केलं. मग शाळेजवळच्या दोघींनी. कुणी बैठक बसवली नाही, कुणी कुणाला बजावलं नाही. जिला मुलगा झाला तिनं तुझ्या घराकडे पाहिलं आणि दुसरं नाव शोधलं."

"अगं, पण मला कुणी विचारायचं तरी!"

"कसं विचारणार? विचारायचं तर ते नाव घ्यावं लागलं असतं."

मला आधी रागच आला. कुणी सांगितलं होतं यांना माझ्यावर एवढी दया करायला? मग मी भिंतीवर टेकले. सव्वीस वर्षं मी समजत होते की मी एकटी गप्प आहे. अख्खं बेट माझ्याबरोबर गप्प बसलं होतं. हजारभर वर्षं टिकलेलं नाव यांनी माझ्यासाठी गिळलं आणि आज मीच त्यांना हात मोडले का म्हणून विचारत होते. मी रडले. डीलिया नुसती शेजारी उभी राहिली.

मग तोंड पुसून मी कोलमनला म्हटलं, "यंदा पहिलं फावडं कुणीही मारा. पुढच्या वर्षीचं मी बघते." किटली तिथंच ठेवून घरी आले.

नेसा बॅग भरून बसली होती. बातमी माझ्या आधी पोचली होती, आमच्याकडे पोचतेच.

"ते नाव ठेव," मी दारातूनच म्हटलं.

"आता नको."

"नेसा."

"का ठेवू? फावडं मारायला माणूस हवा म्हणून? वाळूसाठी नाही मी पोर जन्माला घालत."

"वाळूसाठी नाही म्हणत मी."

"मग कशासाठी?"

"बाई गं, ठेव म्हणते ना."

"कुठलं नाव?" ती उठून उभी राहिली. "बोल ना. मला भाऊ होता, आई. नऊ वर्षं होता. त्यानं मला पोहायला शिकवलं, माझे दात पाडले, सगळं केलं. आणि या घरात मला त्याचं नाव उशीत तोंड खुपसून घ्यावं लागलं. तू स्वतः घेशील तर ठेवीन. नाहीतर रोनान. हट्ट तुझ्याकडूनच उचललाय मी."

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. पुन्हा उघडलं. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले, तरी नाही. नेसा घड्याळाकडे बघायला लागली. आणि मला एकदम उमगलं की ते नाव मी हळू आवाजात कधी घेतलंच नव्हतं. तो घरात असायचा कुठं? कधी धक्क्यावर, कधी शेताच्या भिंतींवर, कधी कुणाच्या तरी गाढवावर. माझ्या तोंडी त्याचं नाव होतं ते फक्त हाकेत.

मी बाहेर गेले. अंगणाच्या भिंतीपाशी उभी राहिले, दोन्ही हात दगडांवर ठेवले आणि समुद्राकडे तोंड करून हाक मारली.

"क्वीवान, जेवायला ये."

पहिली हाक चिरकी निघाली. दुसरी बरी निघाली. तिसरी धक्क्यापर्यंत गेली असणार, कारण तिथली माणसं वळून बघायला लागली. शाळेजवळच्या घराचं दार उघडलं. कब्रस्तानातली फावडी थांबली आणि वाळूच्या ढिगावर एकेक डोकं वर आलं. कोलमननं टोपी काढली. बघू देत. मला त्या सगळ्यांना ऐकवायचं होतं की हे नाव आता घ्या, ठेवा, माझ्या खिडकीखाली हवं तेवढं ओरडा.

मागे पावलं वाजली. नेसा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, एक हात पोटावर. चेहरा सगळा ओला.

"आई, मी मारू हाक?"

"मार," मी म्हटलं.

तिनं छाती भरून श्वास घेतला. लहानपणी मी तिला त्याला शोधायला पाठवायचे तेव्हा ती जे ओरडायची तेच ओरडली.

"क्वीवान, आई बोलावतेय."