चार बोटं कमी

मी रिंग. बोटातली नाही आणि फोनचीही नाही; बास्केटबॉलची. कामशेतला कोंडाजीशेठच्या भाताच्या गोदामात, खांबाला धरून मी बसलेय. माझ्या पोटात कधी काही टिकत नाही. वरून आलं की खालून गेलं, जन्मच तसा. तरीही एक गुपित मी तीन वर्षं या पोटात सांभाळलं, आणि त्या तीन वर्षांत गोदामात कुणी टेप घेऊन शिरलं की मला घाम फुटायचा. लोखंडाला कुठे घाम फुटतो, असं म्हणू नका. मावळातल्या पावसाळ्यात सगळ्यांनाच फुटतो.

माझा जन्म तळेगाव दाभाड्यातला, मोईनभाईंच्या वर्कशॉपमधला. मोईनभाई म्हणजे मापाचा माणूस. गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड हा त्यांचा धंदा. त्यांनी केलेलं गेट लावताना कुणाला कधी लाथ मारावी लागली नाही, आणि हे ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

एक दिवस कोंडाजीशेठ आले. कामशेतला त्यांची भाताची गिरणी आहे.

"मोईनभाई, दोन कडी करा. दीड फूट रुंद. दहा फुटांवर बशिवायची. खाली जाळी लावा, पर तिचं बूड उघडं ठेवा."

मोईनभाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. "बूड उघडं? मग त्यात राहणार काय?"

"कायबी राहू द्यायचं न्हाई. त्येचीच तर समदी गंमत हाय."

खरं म्हणजे शेठना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते गेले होते क्रिकेटचा संघ घ्यायला. तिथल्या जागा भरल्या होत्या, पण शेजारच्या टेबलावर महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये एक जागा रिकामी होती. सहा गावं, सहा संघ. फॉर्म आधीच भरून आणलेला, तो शेठनी तसाच त्या टेबलावर सरकवला. म्हणून आमच्या संघाचं नाव 'इंद्रायणी इलेव्हन'. एका वेळी पाचच जणी खेळतात हे कळल्यावर शेठ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पहिल्या सामन्यात तर त्यांनी पंचांना विचारलं होतं, "जागा हाय की एवडी. अकराबी सोडल्या तर काय बिघडतंय?"

व्यावसायिक म्हणजे पोरींना रीतसर मानधन, वर महिन्याला दहा किलो इंद्रायणी तांदूळ. कोच म्हणून आली जीनत. ती मोईनभाईंचीच मुलगी. तळेगावात एका शाळेत खेळाची शिक्षिका, कॉलेजात असताना स्वतः चांगली खेळलेली. शिट्टी तोंडात असली तरी तिचं ओरडणं ऐकू यायचं.

आता गुपिताकडे येते. एप्रिलमध्ये मोईनभाईंनी आम्हा दोघी बहिणींना गोदामात बसवलं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बरोबर दहा फूट. तीनदा मोजलं. मग पाऊस आला आणि माझ्या बाजूने गोदामात पाणी शिरलं. कोंडाजीशेठ भातवाले. पाणी आत आलं की जमीन वर घ्यायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी गवंडी लावले आणि माझ्या बाजूची फरशी कळणार नाही असा हलका उतार देत चार बोटं चढवून घेतली. "खांबाला हात लावू नका, त्यो मोईनभाईंचा हाय," असं बजावलंही. गवंड्यांनी खांबाला हात लावला नाही. फक्त माझ्याखालची जमीन वर आली, आणि मी जागच्या जागी चार बोटं बुटकी झाले.

मला कळलं होतं. पण मी गप्प बसले. आपण होऊन आपली उंची कमी कोण सांगतं?

सरावाच्या दिवशी माझ्या बहिणीच्या बाजूला भाताची पोती रचलेली असायची, म्हणून सगळा सराव माझ्यावर. पोरींचा हात माझ्या मापाला बसला. सामना असला की पोती हलायची. पूर्वार्धात पोरी बहिणीकडे बॉल टाकायच्या आणि थोड्या मागे पडायच्या. मग बाजू बदलायची, पोरी माझ्याकडे यायच्या आणि बॉलमागून बॉल आत. पूर्वार्धात पाहुण्या संघाच्या पोरी माझ्यावर टाकायच्या, तेव्हा त्यांचेही बॉल माझ्या पाठीवर आपटून परत जायचे. पेपरात छापून आलं, 'उत्तरार्धातल्या वाघिणी'. शेठनी लगेच तांदळाच्या पिशवीवर छापलं, 'इंद्रायणी तांदूळ: उत्तरार्धाची ताकद'. गोदामाबाहेर त्याचा मोठा बोर्डही लागला.

घरी चौदा सामन्यांत बारा विजय. बाहेर चौदा सामन्यांत एकही नाही.

बाहेर का हरतो यावर शेठनी बराच विचार केला. पहिल्या वर्षी त्यांनी पाण्याला दोष दिला आणि बसमध्ये कामशेतच्या पाण्याचे कॅन भरले. दुसऱ्या वर्षी परगावचा भात पोरींना बाधतो म्हणून कुकर आणि शेगडी बरोबर नेली. तिसऱ्या वर्षी बसला इतकी लिंबं-मिरच्या बांधल्या, की एका टोलनाक्यावरच्या माणसाने किलोचा भाव विचारला.

सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली सारिकाने. सारिका वडिवळ्याची, भात लावणाऱ्या घरातली, तळेगावच्या कंपनीत पहिली पाळी करून सरावाला येणारी. तिच्या हातून बॉल सुटला की मी डोळे मिटून घ्यायची, इतका तो सरळ यायचा. पण परगावी तिचा प्रत्येक बॉल रिंगच्या तोंडावर आपटायचा. लोक तिला घरकोंबडी म्हणायला लागले. गोदामात एकटी असली की ती माझ्यावर बॉल टाकायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "हितं जातोय, तितं का न्हाई?" ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण उत्तर मला माहीत होतं आणि तोंड असून बोलता येत नव्हतं.

यंदा शेवटचे दोन सामने उरले होते. एक घरी, एक साताऱ्याला. एक जिंकला की संघ लीगमध्ये टिकणार. दोन्ही हरले की आमची जागा दुसऱ्या गावाला जाणार आणि इंद्रायणी इलेव्हनचा गाशा गुंडाळणार.

अशात झरोक्यातून एक माकड आत आलं आणि मला धरून मनसोक्त झोके घेऊन गेलं. माझे नट सैल झाले. ते आवळायला मोईनभाई आले. शिडी त्यांचीच, मला बसवताना आणलेली. तिच्या सातव्या पायरीवर उभं राहिलं की मी त्यांच्या हनुवटीशी यायची. या वेळी मी गळ्याखाली आले. मोईनभाई खाली उतरले, पुन्हा चढले. मग खिशातून टेप काढली. मी म्हटलं, संपलं सगळं.

त्यांनी तीनदा मोजलं. मग शिडीवरूनच हाक मारली. "जीनत, हे कमी आहे."

"काय कमी आहे, अब्बा?"

"चार बोटं."

जीनत आधी हसली. मग तिने भिंतीवर लिहिलेल्या निकालांकडे पाहिलं, घरचे आणि बाहेरचे. मग ती मटकन बाकावर बसली.

"म्हणजे तीन वर्षं संघ मी जिंकवत नव्हते," ती म्हणाली. "ही चार बोटं जिंकवत होती."

मोईनभाईंचा चेहरा मला बघवेना. लेकीचं तीन वर्षांचं कौतुक आपल्याच टेपने कापून टाकलं, असं त्यांना झालं असणार. तेवढ्यात शेठ आले. सगळं ऐकून त्यांनी आधी गोदामाचं दार लावून घेतलं.

"मोईनभाई, टेप खिशात घाला. कुणी बघितलं न्हाई. आठ दिवसांनी हितला सामना हाय, त्यो जिकू, मग करा वर. फरशी मीच चढवली, तुमचा काय दोष न्हाई."

"फरशी तुम्ही चढवली, पण रिंग माझी आहे," मोईनभाई शिडीवरून म्हणाले. "चुकलेली वस्तू बघून मी घरी जाऊन जेवू कसा?"

"आवं, संघ जाईल ना! मग ह्या पोरी काय करतील?"

याला उत्तर दिलं सारिकाने. ती कंपनीच्या ड्रेसमध्येच दारात उभी होती. शेठनी दार लावलं होतं, पण कडी घालायला विसरले होते.

"मंजी माझा हात कापत नव्हता?" तिने विचारलं. "मॅडम, मला वाटायचं मी भित्री हाय. तीन वर्सं मला असंच वाटतंय." तिने डोळे पुसले आणि मोईनभाईंकडे वळली. "काका, वर करा हिला. आत्ताच."

जीनत उठली. "करा, अब्बा. शेठ, आता मला माहीत झालंय. समोरच्या कोचशी मी हात कुठल्या तोंडाने मिळवू?"

शेठनी कपाळावर हात मारला. पण शिडी त्यांनीच धरली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मला बोर्डासकट चार बोटं वर चढवलं. मला वाटलं, सुटले. पण खरे हाल पुढेच होते. पोरींचे बॉल आठ दिवस माझ्या तोंडावर आपटले. घरच्या सामन्यात पूर्वार्ध गेला, उत्तरार्धही गेला, आणि आम्ही एकोणीस गुणांनी हरलो. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कोचच्या बापानंच संघ बुडवला!" मोईनभाई भिंतीकडे बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी शेठनी 'उत्तरार्धाची ताकद'चा बोर्ड उतरवला आणि पोती झाकायला घेतला.

साताऱ्याच्या सामन्याला अजून बारा दिवस होते. सारिका पाळी सुटली की यायची आणि दोनशे बॉल टाकायची. जीनत तिच्याशेजारी उभी राहून मोजायची. शंभरात चाळीस, मग पन्नास, मग बासष्ट. बाकीच्या पोरीही घाम गाळत होत्या. माझ्या तोंडाची सूज हळूहळू उतरली.

रविवारी सकाळी बस साताऱ्याला गेली. या खेपेला ना कॅन, ना कुकर, ना लिंबं. मोईनभाई गेले नाहीत. दुपारी ते गोदामात आले, माझ्याखाली स्टूल टाकून बसले आणि फोन स्पीकरवर लावला. पलीकडून कोंडाजीशेठ सामना सांगत होते. तीन वर्षं संघ चालवून या माणसाला अजून खेळ कळलेला नाही.

"मोईनभाई, शिट्टी वाजली! कशाला ते म्हाईत न्हाई. आता त्या पळाल्या... आता आपल्या पळाल्या... बॉल कुटं गेला? हां, घावला!"

"शेठ, गुण किती?"

"थांबा, चष्मा लावतो."

पूर्वार्धात आम्ही सहाने मागे. मग चारने. मग दोन्ही संघ सारखे. मग फोनमध्ये नुसती खरखर. मोईनभाई स्टुलावरून उठून माझ्याकडे बघू लागले, जणू साताऱ्याचा बॉल माझ्यातूनच खाली येणार होता. काय सांगू, त्या वेळी मलाही तसंच वाटत होतं.

"...चार सेकंद राहिलेत! आपण एकानं मागं. सारिकाला धक्का दिला त्येंनी. आता ती एकटी उभी हाय, दोन बॉल टाकायचेत म्हणं. पैला टाकला... गेला आत! सारकं झालं, मोईनभाई! आता दुसरा... हातात घेतला... आपटतीय, नुसतीच आपटतीय. टाक की गं बाई! टाकला!"

आणि मग नुसता आरडाओरडा.

"शेठ! काय झालं? शेठ!"

"थांबा, टाळ्या त्येंच्या का आपल्या, तेच कळंना!"

मोईनभाईंनी फोन उचलून तोंडाशी धरला. मी जाळीसकट थरथरत होते. फोन कुणीतरी शेठच्या हातातून ओढून घेतला. जीनत होती.

"अब्बा," ती म्हणाली, "माप बरोबर आहे."

मोईनभाईंनी फोन स्टुलावर ठेवला. शिडी आणली, सातव्या पायरीवर चढले आणि माझ्या जाळीचा गुंता सोडवत बसले. त्यात सोडवण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्यांना रडायचं होतं, आणि तेवढ्या उंचीवर कुणी बघत नाही.

त्याला आता चार महिने झाले. संघ लीगमध्ये आहे. पहिल्यासारखं घरी हमखास जिंकणं राहिलेलं नाही. कधी जिंकतो, कधी हरतो. गावकरी म्हणतात, रिंग खडूस झाली. म्हणू देत. सारिकाला आता घरकोंबडी कुणी म्हणत नाही. शेठ अजूनही पंचांना अकराजणींचं विचारतात, आणि यंदा पावसाआधी गवंडी आले तेव्हा त्यांनी आधी मोईनभाईंना फोन केला.

तुम्ही कधी कामशेतला आलात तर गोदामात डोकावा. सराव चालू असला तर बाकावर बसा, शेठ चहा पाजतील. आणि येताना टेप घेऊन या. हवं तितक्यांदा मोजा.