तीनशे बावीस डबल

दातांच्या कवळ्या बनवण्यात तिची तीस वर्षं गेली होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे, घासायचं चाक, एक टेपरेकॉर्डर आणि ती. घरी तिच्या अकराशे बारा कॅसेट होत्या, पहिली अगदी पहिल्या पगारातली. प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरात गायिका, साल आणि ती कुठे मिळाली ते लिहिलेलं.

नवरा निवृत्त हेडमास्तर. पाहुणे आले की कपाट उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, हे आमच्या हिचं माहेर, अकराशे माणसांचं. पाहुणे हसायचे. तीही हसायची, दर वेळी कुठे तोंड वाजवायचं?

बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती दहा दिवस तिकडे राहिली. रविवारी परतली, तर नवरा इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर हजर. घरी नंतर जाऊ, म्हणाला, आधी वाचनालयात छोटासा कार्यक्रम आहे. तो तिथल्या कार्यकारिणीवर होता. त्याचाच सत्कार असेल, असं समजून ती मांडीवर बॅग घेऊन पहिल्या रांगेत बसली.

अध्यक्षांनी पडदा सरकवला. मागे काचेचं कपाट होतं आणि त्यात ओळीने कॅसेट. आपल्यासारखंच अक्षर कुणाचं तरी आहे, असं तिला क्षणभर वाटलं. मग वरची पाटी वाचली: हेडमास्तर आणि सौभाग्यवतींकडून सप्रेम भेट. तिचे कान तापले. टाळ्या चालू होत्या. नवरा कोपर लावून तिला वर चलायला सांगत होता.

ती गेली. दोन शब्द बोला म्हणून तिच्या हातात माईक दिला.

“या मी दिलेल्या नाहीत,” ती म्हणाली. “मी घरी नसताना माझ्या कपाटातून उचलून आणल्यात. मला परत हव्यात. आत्ता.”

नवऱ्याने हसून लोकांना सांगितलं की प्रवासाने दमली आहे ती.

“दमलेली नाही, चिडलेली आहे,” ती म्हणाली. “चाळीस वर्षांत तुम्हाला तेवढाही फरक कळला नाही.”

तिने तिथेच कपाट उघडून मोजायला घेतलं. सातशे नव्वद भरल्या. बाकीच्या कुठे, विचारल्यावर तरुण ग्रंथपाल बाई पुढे आली. एकच गाणं, एकच गायिका, अशा तीनशे बावीस डबल निघाल्या, त्या गुरुवारी भंगारात दिल्या, असं तिने खालच्या आवाजात सांगितलं.

डबल! त्यातलंच एक गाणं एकाच गायिकेने पंचविशीत म्हटलं होतं, चाळिशीत म्हटलं होतं आणि साठीनंतरही. साठीनंतर वरचा सूर लागत नव्हता, म्हणून तिने तो सोडून खालून अशी काही वाट काढली होती की ऐकताना अंगावर काटा यायचा. वाचनालयाने पंचविशीतली ठेवली होती, आवाज स्वच्छ म्हणून.

हे तिच्या तोंडून ऐकता ऐकता ग्रंथपाल रडायला लागली. “रडू नकोस,” ती म्हणाली. “मग मला तुझ्यावर रागावता येत नाही. काढायला कुणी सांगितलं?”

त्या मुलीने हेडमास्तरांकडे पाहिलं.

त्याच दुपारी तिने सातशे नव्वद कॅसेट खोक्यांत भरल्या आणि टेम्पोने दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेल्या. तिच्यासाठी डॉक्टरांनी सुट्टी असूनही येऊन स्वतः एक फळी रिकामी करून दिली. घरी ती जात होती, जेवत होती, पण नवऱ्याशी बोलत नव्हती.

चौथ्या दिवशी तो खोलीच्या दारात आला. भंगाराच्या दुकानात बसून त्याने अकरा कॅसेट शोधून आणल्या होत्या. शर्टाला काळे डाग पडले होते. तिने त्या घेतल्या आणि पिशवीत खालीवर करून बघितल्या. त्यात ती साठीनंतरची होती. फीत बाहेर लोंबत होती. मेण कोरायच्या हत्याराने तिने ती हळूहळू आत घेतली आणि त्याला स्टुलावर बसायला सांगितलं. आधी फळीवरची पंचविशीतली लावली, मग ही.

त्याने खरंच कान देऊन ऐकलं.

“खोटं कशाला बोलू? मला दोन्ही सारख्याच वाटल्या,” तो म्हणाला.

“मग हात लावायचा नव्हता,” ती म्हणाली आणि तिने चाक सुरू केलं.